नानीचा कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या कुणाला नाही, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखतही असाल. परभणीच्या बसस्टँडवर कधी एखाद्या पोरीनं तुमच्या हातात पिवळं पत्रक कोंबलं असेल, आणि तुम्ही दोन ओळी वाचून त्यावर भजी ठेवली असतील, तर ती पोरगी मी असू शकते.

पत्रक लिहायला मला वेळ लागत नाही. वर ठळक अक्षरात जाहीर निषेध, खाली ज्याचा निषेध त्याचं नाव, मग तीन परिच्छेद, शेवटी मागण्या. चालत्या बसमध्ये उभ्यानं लिहिलीत मी पत्रकं. आणि हे एवढंसं लिहायला चार वर्षं लागली. आत्ताही बघा ना — पहिल्या ओळीपासून हात निषेधाकडंच वळतोय. खात्याचा, व्यवस्थेचा, कुणाचाही. फक्त माझा सोडून.

तर सरळ सांगायचा प्रयत्न करते.

मी ताडकळसच्या बाजूची. शेतकऱ्याघरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. कॉलेजला परभणीत आले आणि दुसऱ्याच वर्षी एका छोट्या संघटनेत गेले. तेव्हा आम्ही अकरा जण होतो, आता सात आहोत. काम एकच — जी मुलं शाळेत नाहीत ती शाळेत आणायची. उसाला जाणाऱ्यांची, वीटभट्टीवरची, पालावरची. आम्ही खरंच आणायचो हो. ते काम खोटं नव्हतं. — पण हे मी कशाला सांगतेय? तुम्ही कुठं विचारलं होतं?

एका गावाच्या फाट्यावर ढाबा आहे. गावाचं नाव लिहीत नाही. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिथं नवा आचारी आला, नेपाळचा. बरोबर बायको आणि साडेसहा वर्षांची मुलगी. ढाब्यामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. मुलीचं नावही मी लिहिणार नाही. एकदा हजार प्रतींवर छापलंय, तेवढं बस झालं. आई तिला नानी म्हणायची. त्यांच्याकडं लहान लेकराला लाडानं तसंच म्हणतात. आपणही नानीच म्हणू.

मे महिन्यात सर्वेक्षणाला गेले तेव्हा ती सोड्याच्या पालथ्या क्रेटवर बसून ढाब्याची पाटी वाचत होती. मोठ्यानं. आपली आणि त्यांची लिपी एकच ना. 'शुद्ध शाकाहारी' तिनं नीट वाचलं, 'येथे बसून दारू पिऊ नये' तेही वाचलं, आणि मग आईला काहीतरी विचारलं. अर्थ विचारला असणार. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, कळत काहीच नव्हतं. मी तिथंच ठरवलं, हिला शाळेत घालायचंच. मनात मी तेव्हाच बातमीचा मथळा केला होता. हेही सांगून टाकते.

जूनमध्ये प्रवेशोत्सव झाला. ट्रॅक्टरला आंब्याची पानं, हलगी, नव्या पोरांना फुगे. आपल्याकडं आता एक पद्धत पडलीय. परातीत लाल रंग कालवतात, पहिलीच्या पोरांना त्यात उभं करतात आणि पांढऱ्या कागदावर पावलं उमटवून घेतात. शाळेतलं पहिलं पाऊल. खाली नाव लिहून भिंतीवर लावतात. नानी तिच्या जुन्या शाळेचा टाय घालून आली होती. परात बघून थबकली. तिच्या देशात असलं काही नसावं. मग तिनं बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची घडी घालून बुटात ठेवली आणि रंगात पाय घातला. रडली नाही. फाटकापाशी उभ्या आईकडं एकदा बघितलं, बस. बाकीच्या पोरांनी पाय तसेच मातीत घासले. ही लाल पाय घेऊन उभीच — आता काय करायचं ते तिला कळेना, आणि विचारायला शब्द नव्हता. तेव्हा सोळंके बाई खाली बसल्या आणि स्वतःच्या रुमालानं त्यांनी तिचे पाय पुसले.

मी काय करत होते? मी फोटो काढत होते.

सोळंके बाई म्हणजे त्या शाळेच्या पहिली-दुसरीच्या शिक्षिका. नाव बदललंय. त्यांचं आणि माझं आधीपासून जमायचं नाही. मी कुठलंही लेकरू घेऊन गेले की म्हणायच्या, "आल्या का पुढारीण बाई. तुमी आणून सोडता अन् जाता. निस्तरतो आमी." पण लेकराला बसवून घ्यायच्या, कधी परत लावून दिलं नाही. नानीलाही पहिल्याच दिवशी बसवलं. फक्त एवढं म्हणाल्या, "हिचा जन्माचा दाखला तेवढा आणून द्या."

"कायद्यानं लागत नाही, बाई. वयाच्या दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही."

"कायद्याला न्हाई लागत, कॉम्प्युटरला लागतो. त्या माहितीत नाव भरल्याबिगर पोरगी असून नसल्यासारखी. कॉम्प्युटरला तुमचं पत्रक वाचता येत न्हाई."

पोरं हसली. मला राग आला. राग मला लवकर येतो, ते माझ्या कामाचं भांडवलच आहे.

दोन दिवसांनी ढाब्यावर गेले. नानीच्या आईनं पत्र्याच्या पेटीतून कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये घातलेला, त्यांच्या गावच्या सचिवाची सही, गोल शिक्का. दाखला नेपाळचा, म्हणून मी पूर्णेला तहसिलात प्रतिज्ञापत्र करून तो बाईंकडं द्यायचा, असं ठरलं. आई म्हणाली, "दिदी, ये एक ही है. खो तो नहीं जाएगा?" मी हसले. म्हटलं, माझ्याकडं दिला म्हणजे सरकारकडं दिल्यापेक्षा बरं. आईनं कागद नानीच्या हातात दिला — तुझा आहे, तूच दे, असं काहीतरी म्हणाली असेल — आणि नानीनं तो माझ्या खांद्यावरच्या शबनम पिशवीच्या आतल्या कप्प्यात स्वतःच्या हातानं ठेवला. वरून दोनदा थोपटलं.

तहसिलात मी गेलेच नाही. का? त्या आठवड्यात मोर्चा होता. पुढच्या आठवड्यात दुसरं काहीतरी. माझ्यासारख्या माणसाला रोज काहीतरी मोठं असतंच, आणि एका पोरीचा एक कागद त्यात कधीच मोठा नसतो.

शाळेत नानी पहिले पंधरा दिवस तोंडातून शब्द काढत नव्हती. पोरं तिला मोमो म्हणायची, चायनीज म्हणायची. डबा उघडला की वाकून बघायची. बाईंनी तिला राधा नावाच्या एका वाचाळ पोरीशेजारी बसवलं. राधाला कुणीतरी ऐकणारं पाहिजेच होतं. जुलै संपता संपता नानी बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती राधाची मराठी. "चल की", "मला न्हाई येत", "सरक ना गं तिकडं". बाई मला हसत म्हणाल्या होत्या, "ऐकलं का, नेपाळातून थेट आमच्या गावात. मधी कुठं पुणं लागलंच न्हाई."

हे मी मुद्दाम सांगतेय. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ती माझ्याकडं आली. हातात जिलेबी होती. मला म्हणाली, "ताई, माझा कागद दिला का?" मी म्हटलं, "देते गं, उद्या देते." तिनं मान हलवली आणि राधाकडं पळाली. आमचं हे बोलणं मराठीत झालं. लक्षात ठेवा.

सप्टेंबर लागला. महिनाअखेर मुलांची माहिती भरून द्यायची होती. बाईंचा फोन आला. पुन्हा आला. मी शबनम उपसली, कप्पा रिकामा. खोलीवर शोधलं, ऑफिसात शोधलं. कागद नव्हता. चौथ्या फोनला बाई म्हणाल्या, "वरून लय बोलायलेत ओ. बिगरकागदाची पोरगी बसवली म्हणून. हरवला असला तर तसं सांगा, दुसरं काही बघू." मी म्हटलं, "आहे हो, देते."

हरवला असला तर तसं सांगा. — एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी.

मग केंद्रप्रमुख तपासणीला आले, बाईंना चार पोरांदेखत बोलले, आणि बाईंनी नानीच्या आईला निरोप धाडला की कागद येईपर्यंत चार दिवस पोरीला घरीच ठेवा. तिथं बाई चुकल्या. कायद्यानं चुकल्या, यात वाद नाही. नानी दप्तर पाठीला लावून ढाब्यामागं बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मला कळलं. तेव्हा मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. आता दुसऱ्या कुणाचीतरी चूक झाली होती. चांगली ठसठशीत, छापण्याजोगी.

पत्रक एका बैठकीत लिहिलं. मथळा — 'चिमुकलीला शाळेचे दार बंद; केवळ परदेशी म्हणून.' खाली मुलीचं नाव, शाळेचं नाव, बाईंचं नाव. 'कागदपत्रांची वारंवार मागणी करून गरीब पालकांना वेठीस धरण्यात आले.' केवळ परदेशी म्हणून — हे तीन शब्द मी कुठून आणले? कुठूनच नाही. ते शोभत होते.

दोन दिवसांनी छापखान्यातून गठ्ठा आणायला गेले. बाकड्यावर बसून गठ्ठा शबनममध्ये कोंबत होते. आतल्या कप्प्याची शिवण उसवलेली, माझं बोट आत गेलं, आणि अस्तराच्या मागं प्लॅस्टिक लागलं.

कागद सापडला. जूनपासून माझ्या खांद्यालाच लटकत होता.

दुपारचे बारा वाजले होते. एकची ताडकळसची गाडी होती. त्या गाडीत बसले असते तर अडीचला शाळेत पोचले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी नानी राधाच्या शेजारी असती. बाईंनी दोन टोमणे मारले असते, मी ऐकून घेतले असते, आणि हजार पत्रकं रद्दीत गेली असती. एवढाच तोटा होता. पण जिल्हा परिषदेच्या गेटवर आमचे सहा जण उन्हात माझी वाट बघत होते. पत्रकारांना निरोप गेले होते. संघटनेतले वडीलधारे भाऊ आदल्या रात्री म्हणाले होते, "यावेळी झकास लिहिलंस." मी कागद अस्तरात परत सरकवला. आधी वाटू, मग देऊ, असं मनाशी म्हटलं आणि गेटवर गेले. घोषणा मीच दिल्या. आवाज चांगला लागला होता.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच गुन्हा. थांबा. मीही चार वर्षं स्वतःला इथंच थांबवत आले. घाईत चूक झाली, तरुण होते, वगैरे. पण ही ती गोष्ट नाही. ती पुढं आहे.

बातमी आली. बाईंना नोटीस गेली. बाईंनी लेखी खुलासा दिला की मुलीला पहिल्या दिवसापासून बसवलं होतं, आणि मूळ दाखला जूनमध्येच आईनं अमुक कार्यकर्तीकडं सोपवलाय. म्हणजे माझ्याकडं. अक्षर न् अक्षर खरं. त्यावर चौकशी लागली. विस्तार अधिकारी शाळेत आले. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. ते, केंद्रप्रमुख, सरपंच, बाई आणि मी. सोयाबीन काढायचे दिवस, तरी दहा-बारा पालक काम टाकून आले होते — बाईंसाठी, माझ्यासाठी नव्हे. नानीचा बाप ढाब्याची भट्टी सोडून येऊ शकला नाही. आई आली. नानी आईचा पदर धरून खांबाला टेकून उभी होती. शबनम माझ्या मांडीवर. कागद शबनममध्ये.

साहेब वयस्कर होते, बोलायला मऊ. मला विचारलं, "बाई म्हणतायत दाखला तुमच्याकडं आहे. तुम्हाला मिळाला होता का?"

नानीची आई समोर होती. मिळालाच नाही असं म्हणता येत नव्हतं. मला विचार करायला किती वेळ लागला असेल? लागलाच नाही. मी म्हटलं, "मिळाला होता. जुलैमध्येच बाईंना नेऊन दिला. त्यांनी कुठं टाकला, त्यांना विचारा."

सोळंके बाईंनी माझ्याकडं बघितलं. तसं माझ्याकडं याआधी कुणी बघितलं नव्हतं. रागानं नव्हे. पोरांच्या वहीत भलताच आकडा दिसावा आणि हा आला कुठून ते कळू नये, तसं. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, पोरीला इचारा की. पोरगी हाय ना हितं."

साहेबांनी नानीला जवळ बोलावलं. हिंदीत विचारलं, बेटा, तुम्हारा कागज कहाँ है?

नानीनं माझ्याकडं बोट केलं. बोट म्हणजे माझ्या मांडीकडं. आणि मराठीत म्हणाली, "कागद ताईच्या पिशवीत हाय. मीच ठिवला."

साहेबांची नजर शबनमवर आली. पिशवी दाखवा म्हणायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. पण ते म्हणाले नाहीत. गेटवरच्या घोषणा त्यांनी ऐकल्या होत्या. पुढच्या पत्रकात त्यांचं नाव येऊ शकत होतं, आणि ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. दुबळ्यांच्या बाजूनं उभी म्हणवणारी मी — त्या व्हरांड्यात सगळ्यात जास्त वचक माझा होता.

मी हसले. हो, हसले. आणि म्हटलं, "साहेब, तिला मराठी येत नाही. जे पढवलंय ते बोलतीये."

ही ती गोष्ट. हेच ते.

बाई हळूच म्हणाल्या, "येतंय तिला." कुणी लिहून घेतलं नाही.

आणि नानीनं काय केलं माहितीये? तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं. वर्गात उच्चार चुकला की बाई परत म्हणायला लावायच्या, तसं तिनं परत म्हटलं. सावकाश. एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून, माझ्याकडंच बघत. "कागद. ताईच्या. पिशवीत. हाय." मग थांबली. मी खाली बघत होते. पुन्हा ती बोलली नाही.

बाकीचं पटपट सांगते, कारण बाकीचं तुम्हाला कळलंच असेल. साहेबांनी मुलीला तात्काळ शाळेत बसवा असा आदेश दिला. आमचा विजय झाला. तसं पत्रकही काढलं, तेही मीच लिहिलं. बाईंची बदली झाली, जिंतूरच्या पलीकडं, येलदरीच्या बाजूच्या एका गावाला. रोज दोन गाड्या बदलून जायच्या. गावातल्या बायांनी ढाब्यावर येऊन नानीच्या आईला सुनावलं, "तुमच्यापायी आमच्या लेकरांची बाई गेली." नानी शाळेत गेली. नव्या गुरुजींनी मला सांगितलं, पोरगी गप्प बसते, काही विचारलं तर मान हलवते, हिला मराठी येत नाही का हो? मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, येईल हळूहळू.

दिवाळीनंतर ढाब्याच्या मालकानं नानीच्या बापाला दुसरी जागा बघायला सांगितलं. रोज एक भांडण दारात येतंय म्हणून. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडं परभणीला आला. मळखाऊ शर्ट, कडक इस्त्री केलेला. म्हणाला, दिदी, नव्या गावात शाळेत कागद मागतील, त्या शाळेकडून आमचा कागद तेवढा मिळवून द्या.

शबनम खुंटीला होती. त्याच्या डोक्याच्या वर, हातभर अंतरावर.

तेव्हाही देता आला असता. सापडला म्हणायचं, बाईंच्या टेबलात होता म्हणायचं, आणखी एक खोटं बोलायचं, पण कागद द्यायचा. मला तेही जमलं नाही. कागद निघाला म्हटलं की कुठून निघाला ते आलं. मी वेगळं केलं. आमच्या माणसांना एकच इलाज येतो. मी अर्ज लिहिला. 'शाळेने आमच्या मुलीचा मूळ जन्मदाखला गहाळ केला असून…' त्याची सही घेतली. त्याला बरोबर घेऊन कार्यालयात गेले, अर्ज आवक केला आणि शिक्का मारलेली पोच त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, ही जपा, कुठल्याही शाळेत दाखवा, कुणी अडवणार नाही. पोचेवर आमचा लय भरवसा. पोच म्हणजे लढाईचा पुरावा, असं आम्हीच शिकवतो.

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. चार घड्या घातल्या, रुमालात बांधली, रुमाल आतल्या खिशात. मला म्हणाला, तुम्ही आमच्यासाठी किती भांडलात. मग खाली वाकायला लागला. मी पाय मागं घेतले. एवढं एक केलं.

ते हैदराबादकडं गेले म्हणतात. ढाब्यावर कुणालाच नक्की ठाऊक नाही. मी दोनदा विचारलं, तेही असं, की उत्तर मिळालं नाही तरी चालेल. नानी आता दहा-अकरा वर्षांची असेल. शाळेत असेल तर चौथी-पाचवीत. नसेल तर — तिच्या जन्माचा कागद माझ्या खोलीत आहे, लोखंडी कपाटात, जुन्या पत्रकांच्या खाली, आणि तिच्या बापाच्या खिशात मी लिहिलेलं खोटं आहे, शिक्क्यासकट.

मागच्या वर्षी परभणीच्या स्टँडवर सोळंके बाई दिसल्या. केस पांढरे झालेत. मी वळून जाणार तेवढ्यात त्यांनी बघितलं, आणि बाकावरची त्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला बसायला जागा व्हावी म्हणून. मी बसले. जिंतूरची गाडी लागेपर्यंत आम्ही शेजारी होतो. त्यांनी बदलीचा विषय काढला नाही. एवढंच विचारलं, "ती पोरगी कुठं असती ओ आता?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "लय छान वाचायची." मग गाडी लागली. गर्दीत त्या चढल्या, खिडकीत दिसल्या नाहीत. मला तेव्हा बोलता आलं असतं. पंधरा-वीस मिनिटं होती. मी फोनमध्ये बघत बसले होते.

आमचं दरवर्षी शिबिर असतं, नव्या पोरापोरींसाठी. त्यात माझं एक सत्र ठरलेलं आहे. तिथं मी नानीची गोष्ट सांगते, आपला पहिला मोठा विजय म्हणून. चौकशी सांगते, आदेश सांगते, हजार पत्रकं सांगते. मी सांगते की त्या लेकराला आपली भाषा येत नव्हती, तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिच्या वतीनं आपण बोललो. टाळ्या पडतात. या जूनमध्येही पडल्या.

तिला बोलता येत होतं. ती बोलली. दोनदा बोलली.